घर पाहावे चालून

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने घर बांधले, त्यालाच त्यातला खटाटोप कळतो, असा त्याचा अर्थ. परंतु घर एखाद्या वृद्ध माणसासाठी पाहावयाचे असेल, तर या म्हणीत थोडी दुरुस्ती करावी, असे माझे मत झाले आहे. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवडे मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वेक काउंटी या भागात राहिलो आणि तेथील गावे व घरे पाहत हिंडलो. मी घर घेणार नव्हतो. घर घेणार होता माझा भाचा, आणि त्या घरात राहावयाचे होते माझ्या आक्काला. ही हकीकत सांगावयाची ती एवढ्यासाठी की, आपल्यापैकी अनेकांची मुले दूरदेशी आहेत आणि ‘आई, आता इकडेच ये’ हा फोन आज ना उद्या आपल्याही घरी येणार आहे.

आक्का 72 वर्षांची. यजमान जाऊन सात वर्षे झाली. साताऱ्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहत होती. आदल्या दिवाळीत ती न्हाणीघरात घसरली आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. प्लास्टर मीच घालवून आणले. त्याच दिवशी भाच्याला फोन करून सांगितले, “हिला आता एकटी ठेवू नका. तिकडे घेऊन जा.” डॉक्टर म्हणून आणि भाऊ म्हणूनही मला तो सल्ला योग्य वाटला होता. फ्लॅट विकावयाचा, असेही ठरत आले. त्यामुळे आक्काला पोहोचवावयास मी स्वतः गेलो, तो जबाबदारी माझी आहे असे समजूनच.

काउंटी म्हणजे काय

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. वेक काउंटीचे क्षेत्रफळ सातारा जिल्ह्याच्या जेमतेम एक पंचमांश. त्यात रॉली हे राज्याच्या राजधानीचे शहर आणि भोवती अकरा लहानमोठी गावे. 2000 साली येथील लोकवस्ती सव्वासहा लाख होती, 2010 मध्ये नऊ लाख झाली आणि 2020 च्या जनगणनेत 11 लाख 29 हजारांवर गेली. वीस वर्षांत वस्ती जवळजवळ दुप्पट झालेला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. पुण्याच्या हिंजवडी-वाकडकडे पाहिलेल्यांना ते कठीण जाणार नाही.

या वाढीचे मूळ शोधू गेल्यास ते 1959 मध्ये सापडते. रॉली, डरहम आणि चॅपल हिल या तीन ठिकाणी तीन मोठी विद्यापीठे आहेत. त्यांच्या मधल्या पाइनच्या रानात संशोधनासाठी एक विस्तीर्ण वसाहत उभी करण्यात आली. तिचे नाव रिसर्च ट्रँगल पार्क. पुढे औषधनिर्मितीच्या आणि संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागोमाग आपली मुले आली. माझा भाचा त्यांतलाच एक.

उतरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती पिवळी धूळ. मार्चअखेरीस पाइनचे परागकण एवढे उडतात की, गाड्या, पायऱ्या, अंगणातल्या खुर्च्या, सगळ्यांवर हळद शिंपडल्यासारखा थर बसतो. पाइनचे कण मोठे असल्याने त्यांचा त्रास त्या मानाने कमी. पण त्याच सुमारास ओकसारख्या झाडांचेही पराग हवेत असतात. दमा किंवा सर्दीची प्रकृती असलेल्यांनी वसंत ऋतूत तिकडे जाताना आपला इन्हेलर आणि औषधे हाताशी ठेवावीत. आक्काला त्रास झाला नाही. माझेच डोळे चुरचुरत राहिले.

दोन वह्या

भाच्याने संगणकावर एक तक्ता केला होता. त्यात गावाचे नाव, घराचे क्षेत्रफळ, किंमत, बांधकामाचे साल, शाळेचे गुण आणि कचेरीपर्यंतची मिनिटे असे रकाने होते. दर शनिवारी-रविवारी सकाळी आम्ही पाच जण गाडीत बसत असू: भाचा, सूनबाई, आठ वर्षांची नात, आक्का आणि मी. घरे विकणारी मंडळी त्या दोन दिवशी घरे पाहण्यासाठी उघडी ठेवतात. एकेका दिवशी चार-पाच घरे होत.

माझ्याही मनात एक तक्ता होता. त्याचा पहिला रकाना ‘रुग्णालय किती लांब’. शेवटचा रकानाही तोच.

दक्षिणेकडून आरंभ केला. फ्युक्वे-व्हरीना हे जोडनावाचे गाव. फ्युक्वे स्प्रिंग्ज आणि व्हरीना ही दोन गावे 1963 मध्ये एक झाली. एका काळी येथे औषधी पाण्याच्या झऱ्यासाठी लोक येत. आज गावाबाहेरच्या तंबाखूच्या शेतांवर नव्या वसाहती उठल्या आहेत. तांबड्या मातीत रांगेने उभी असलेली नवी कोरी घरे, रुंद स्वयंपाकघर, वर चार शयनगृहे. सूनबाईच्या चेहऱ्यावर आनंद स्पष्ट दिसत होता, आणि तो साहजिक होता. सहा वर्षे ती भाड्याच्या घरात राहिलेली. शेजारच्या हॉली स्प्रिंग्जमध्ये औषधांचे मोठे कारखाने आले आहेत, आणि 2021 अखेरीस तेथे रुग्णालयही सुरू झाले. माझ्या तक्त्यात त्या गावाला पैकीच्या पैकी गुण पडले.

पुढच्या आठवड्यात पूर्वेकडे गेलो. नाइटडेल, वेंडेल, झेब्युलन ही गावे पश्चिमेच्या मानाने स्वस्त. वेंडेलला एका कवीचे नाव दिलेले आहे. ऑलिव्हर वेंडेल होम्स हा तो कवी, आणि तो डॉक्टरही होता, म्हणून मला त्या गावाविषयी उगाच आपुलकी वाटली. पण भाच्याची कचेरी तेथून फार लांब पडत होती. उत्तरेला वेक फॉरेस्ट. तेथले महाविद्यालय 1956 मध्ये विन्स्टन-सेलम या शहरात हलले, पण त्याने गावाचे नाव कायम ठेवले. जुन्या झाडांची सावली, विटांच्या इमारती, शांतता. तेथून आपली माणसे, मंदिर आणि किराणा सगळेच दूर.

पश्चिमेला एपेक्स. रेल्वेमार्गावरचे उंच ठिकाण म्हणून हे नाव पडले. त्याची सेलम स्ट्रीट ही जुनी पेठ अजून राखलेली आहे. रुळांशेजारी विटांची दुकाने. त्यानंतर विमानतळाला लागून मॉरिसव्हिल. येथील वस्तीत आशियाई लोकांचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आहे. हिंदू सोसायटीचे मंदिर, भारतीय किराणा, आणि सार्वजनिक बागेत चक्क क्रिकेटचे मैदान. 2023 मध्ये तेथे व्यावसायिक स्पर्धेचे सामने झाले. शेवटी कॅरी. सॅम्युएल फेंटन कॅरी या दारूबंदीच्या पुरस्कर्त्याचे नाव या गावाला आहे. बाहेरून आलेल्यांची संख्या येथे इतकी, की मूळचे लोक कॅरी या नावाची फोड ‘उत्तरेकडच्या पाहुण्यांना एकत्र ठेवण्याची जागा’ अशी थट्टेने करतात.

या सर्व फेऱ्यांत आक्का फारसे बोलत नव्हती. घर दाखवले की “छान आहे” म्हणे आणि दाराशी उभी राही. वर जिन्याने चल म्हटले तर, “तुम्ही पाहून या, मी इथेच थांबते.” आम्हाला वाटले, तिला सगळेच पसंत आहे.

सुजलेले पाय

तिसऱ्या रविवारी रात्री आक्का सोफ्यावर बसली होती. मोजे काढले तेव्हा तिच्या घोट्यांवर मोज्याच्या रबराचा खोल वळ दिसला. बोटाने दाबले तर खळगा पडला आणि तसाच राहिला. रक्तदाब मोजला, नेहमीपेक्षा बराच वर होता. श्वास लागत नव्हता, छाती मोकळी होती, म्हणून थोडा धीर आला. गोळ्यांची डबी मागितली. सोमवार ते शुक्रवारचे कप्पे रिकामे होते. शनिवार-रविवारच्या कप्प्यांत मात्र पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, जशीच्या तशी होती. मागील दोन आठवड्यांच्याही सहा-सात गोळ्या तिने कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेल्या निघाल्या, कारण घर पाहण्याचे काही बेत मधल्या वारीही झाले होते.

“आक्का, हे काय?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, “दिवसभर गाडीत असतो. लोकांच्या घरात जाऊन न्हाणीघर कसे मागायचे? नव्या घरांत तर पाणीसुद्धा सुरू नसते. सगळे माझ्यासाठी एवढे हिंडतात, त्यात मी दर तासाला गाडी थांबवायला सांगू?”

ती गोळी घेत नव्हती एवढेच नव्हे, त्या दिवशी पाणीही जेमतेम पीत होती. जिना न चढण्याचे कारणही त्याच रात्री कळले. भाच्याचे भाड्याचे घर तीन मजली होते: खाली गाडी आणि एक लहान खोली, मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर व बैठक, वर शयनगृहे. आक्काची खोली वर. पहाटे चहाला खाली यावयाचे म्हणजे पंधरा पायऱ्या, आणि काही विसरले तर पुन्हा पंधरा. कठडा एकाच बाजूला, आणि उतरताना तो उजव्या, म्हणजे मोडून जुळलेल्या मनगटाकडे येई. त्यामुळे ती दिवसातून एकदाच उतरत असे आणि एकदाच चढत असे. दुपारी आडवे होण्याची तिची तीस वर्षांची सवय तिने मोडली होती.

हे सर्व माझ्या डोळ्यांदेखत चालले होते. मी तीस वर्षे रुग्ण तपासतो. रुग्णाला ‘गोळ्या नियमित घेता ना’ असे विचारतो आणि ‘हो’ हे उत्तर ऐकून पुढच्याला बोलावतो. गोळी का घेतली जात नाही, याचे कारण कित्येकदा शरीरात नसते. ते घराच्या रचनेत असते, दिवसाच्या आखणीत असते, आणि सर्वांत अधिक संकोचात असते. आपण जर कोणाची काळजी वाहत असाल, तर प्रवासाच्या किंवा समारंभाच्या दिवशी ‘पाण्याची गोळी घेतलीस का’ एवढे जरूर विचारा. ती कोणत्या वेळी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून बदलता येते. परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे, विशेषतः हृदयविकार असलेल्यांना. आक्काची गोळी दुसऱ्या दिवसापासून नियमित झाली, चार-पाच दिवसांत सूज उतरली. पायांवर सूज येऊन धाप लागली असती, तर मला त्याच रात्री तिला रुग्णालयात न्यावे लागले असते. तेथे मी डॉक्टर नव्हतो, फक्त नातेवाईक होतो.

गाडी ठेवली, चालू लागलो

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही एकही घर पाहिले नाही. मी भाच्याला म्हणालो, “आज आक्का सांगेल तिथे जायचे.” आक्का म्हणाली, “मला कुठे तरी गाडीवाचून जाता येते का, ते बघायचे आहे.”

कॅरीच्या जुन्या गावठाणात आम्ही गाडी ठेवली आणि उतरलो. 2019 मध्ये बांधलेले काउंटीचे वाचनालय आणि त्यालगत 2023 च्या नोव्हेंबरमध्ये खुली झालेली सात एकरांची बाग. सपाट वाटा, सावली, जागोजागी बाके, स्वच्छतागृह. आक्काने पहिल्यांदा स्वच्छतागृह पाहून घेतले, मग बाक निवडले. वीस मिनिटांनी मी पाहतो तो तिच्या शेजारी सुती साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई बसलेल्या. नागपूरच्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, “किती महिने?” तिकडे आलेल्या आईवडिलांत ओळखीची सुरुवात नावाने नव्हे, या प्रश्नाने होते, हे मी नंतर अनेकदा अनुभवले. त्या बाई रोज मुलाच्या घरून चालत येत. “चालत येता म्हणून तर टिकले,” त्या म्हणाल्या. “आधी मुलगा गावाबाहेर राहत होता. घर मोठे होते हो. पण शनिवार उजाडेपर्यंत मी आणि भिंती.”

आक्का परत येताना म्हणाली, “फ्युक्वेचे घर चांगलेच आहे. पण तिथे कोथिंबिरीची जुडी आणायची झाली तरी मला मुलाची सुट्टी लागेल.”

मला माझा एका रकान्याचा तक्ता आठवला. रुग्णालय पाच मिनिटांवर असणे चांगले. पण रुग्णालयाची गरज वर्षातून एखाद्या दिवशी पडेल. उरलेले दिवस माणसाने कोठे जावे, हे मी कोठेच लिहिले नव्हते. घरात बसून राहणाऱ्या वृद्धाचे स्नायू लवकर क्षीण होतात, तोल बिघडतो, भूक मंदावते, झोप तुटते. पुन्हा पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीने चालणे आणखी कमी होते. आक्का पडू नये म्हणून मी तिला साताऱ्याहून हलवू पाहत होतो, आणि तिला नेत होतो ते अशा ठिकाणी की जेथे तिचे चालणेच संपावे.

त्या दिवसापासून आम्ही घर पाहण्याची रीत बदलली. आधी घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत काय आहे, ते आक्काच्या पावलांनी चालून पाहावयाचे. मग दार उघडावयाचे. पदपथ मध्येच तुटतो का? रस्ता ओलांडताना हिरवा दिवा पुरतो का? वाटेत बसावयास जागा आहे का? नव्या वसाहतींपैकी कित्येकांत पदपथ सुंदर होते, पण ते वसाहतीच्या फाटकाशी संपत आणि पुढे वेगवान गाड्यांचा रस्ता लागे.

काउंटीत बसगाड्या आहेत, पण आपल्या एसटीसारख्या पावलोपावली नाहीत. कॅरीमध्ये साठीच्या पुढील रहिवाशांना घरापासून मुक्कामापर्यंत नेणारी सेवा आहे; तिच्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. मॉरिसव्हिलमध्ये ठरावीक थांब्यांदरम्यान बोलावल्यावर येणारी विनामूल्य लहान गाडी आहे. बॉण्ड पार्क या कॅरीतील उद्यानात ज्येष्ठांचे केंद्र आहे, तेथे व्यायामाचे व हस्तकलेचे वर्ग चालतात. नुसते राहणाऱ्याला या गोष्टी दिसत नाहीत, विचारावे लागते.

घराच्या आतली वाट

आता दाराच्या आत येऊ. अमेरिकन घर बाहेरून भव्य दिसते, परंतु वृद्धाच्या दृष्टीने त्यात काही ठरावीक अडचणी असतात, आणि त्या घरोघर सारख्याच आढळल्या.

पहिली दाराशीच. त्या भागातील अनेक घरे जमिनीपासून थोडी उचललेली असतात. खाली रांगत जाण्याइतकी पोकळी असते. त्यामुळे पुढील दाराला तीन-चार पायऱ्या आल्याच. गाडीच्या खोलीतून घरात शिरतानाही दोन-तीन पायऱ्या असतात आणि त्यांना बहुधा कठडा नसतो. घरातील माणसे याच दाराने रोज ये-जा करतात.

दुसरी न्हाणीघरात. बहुतेक ठिकाणी फवारा टबाच्या आत असतो. म्हणजे ओल्या पायाने गुडघ्याएवढा काठ ओलांडून आत जावयाचे आणि तसेच बाहेर यावयाचे. सपाट जमिनीवर बादलीने आंघोळ करण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे फार कठीण. काठ नसलेली, थेट पाऊल टाकून आत जाता येईल अशी न्हाणीची जागा खालच्या मजल्यावर असेल, तर त्या घराला माझ्या लेखी दोन खोल्यांइतके अधिक मोल.

तिसरी भिंतींची. तिकडील भिंती लाकडी सांगाड्यावर पातळ फळ्या ठोकून केलेल्या, आतून पोकळ. धरावयाची दांडी कोठेही ठोकली तर भार पडताच उखडून येते. ती आतल्या लाकडी खांबातच घट्ट बसवून घ्यावी लागते. टॉवेल अडकवण्याच्या दांडीला धरून उठण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नये.

एका शनिवारी पंचावन्न वर्षांपुढील लोकांसाठी असलेली वसाहतही पाहिली. तेथील कायद्यानुसार अशा वसाहतीत किमान ऐंशी टक्के घरांत एक तरी माणूस 55 वर्षांचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. सगळी घरे एकमजली, पोहण्याचा तलाव, पत्ते, नाच, सर्व काही. माझे गुण भराभर पडत होते. आक्का म्हणाली, “सगळे आहे रे. पण दारात एक सायकल पडलेली दिसली नाही.” तिला नातीजवळ राहावयाचे होते, आणि नातीला तेथे कायम राहता आले नसते.

बाजार आणि वय

जुन्या कॅरीत साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेली एकमजली घरे आहेत. त्यांना रँच म्हणतात. खोल्या लहान, छत बुटके, स्वयंपाकघर जुने. पण पायऱ्या कमी आणि सगळे चालण्याच्या अंतरात. आम्हाला तीच हवी होती आणि तीच बाजारात दिसत नव्हती. आमच्या एजंटबाईंनी कारण सांगितले. 2021 मध्ये ज्यांनी तीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज घेतले, ते आता साडेसहा-सात टक्क्यांचे नवे कर्ज काढून दुसरीकडे जावयास तयार नाहीत. आणि रँच घरांत राहणारे पुष्कळ जण स्वतःच वृद्ध. त्यांनाही एकमजली घर सोडून कोठे जावयाचे नसते.

जे घर निघे, ते गावाबाहेरील नव्या घराच्या निम्म्या आकाराचे, आणि किंमत मात्र जवळजवळ तेवढीच. शिवाय या राज्यात एक निराळा रिवाज आहे. घर तपासून पाहण्याच्या मुदतीसाठी घेणारा विकणाऱ्याला काही रक्कम आधी देतो. मन बदलले तर ती बहुधा परत मिळत नाही. बाजार तापला की ही रक्कमही फुगते. भाच्याने पहिल्या रँचसाठी बोली लावली, पण रोख पैसे देणाऱ्याने ते घर नेले. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही.

त्याच वर्षी काउंटीने सर्व मालमत्तांचे नव्याने मूल्यमापन केले होते. मागचे 2020 मधले. चार वर्षांत राहत्या घरांचे मूल्य सरासरीने निम्म्याहून अधिक वाढल्याचे निघाले. तरुणाला ही वाढ म्हणजे संपत्ती. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ती घरपट्टीची चिंता. कमी उत्पन्नाच्या 65 वर्षांपुढील घरमालकांना राज्याच्या कायद्यात सवलत आहे, पण अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही.

आणि एक गोष्ट, जी घराच्या जाहिरातीत नसते. वैद्यकीय विमा. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तरी, तेथे कधी नोकरी न केलेल्या आईवडिलांना ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात पैसे भरून शिरण्यासाठीसुद्धा सलग पाच वर्षे राहावे लागते. पाहुणा म्हणून जाणाऱ्यांचा प्रवासी विमा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा जुन्या आजारांचा खर्च सहसा पूर्णपणे उचलत नाही. फ्लॅट विकण्यापूर्वी हा हिशोब कागदावर मांडला पाहिजे. आम्ही तो मांडला आणि फ्लॅट न विकण्याचे ठरवले. सूनबाईनेच ते प्रथम बोलून दाखवले, “आई, परत जायला जागा आहे एवढे माहीत असले, की तुम्हाला इथे राहायलाही बरे वाटेल.”

नंतर

मी परत आल्यावर जूनमध्ये भाच्याने कॅरीतच 1970 च्या दशकातले एक एकमजली घर घेतले. सूनबाईला हवे तसे स्वयंपाकघर मिळाले नाही. तिने मन मोठे केले, आणि त्याची नोंद येथे केली पाहिजे, कारण अशा निर्णयांत कोणाचे तरी काही तरी जातेच. टब काढून सपाट न्हाणी केली, खांब शोधून दोन दांड्या बसवल्या, पुढच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावला. आक्का पाहुणी म्हणून जाते, परवानगी मिळेल तितके, फार तर सहा महिने राहते, आणि थंडीपूर्वी साताऱ्याला येते. साताऱ्याच्या न्हाणीघरातही मी त्याच दोन दांड्या बसवून घेतल्या. त्या आदल्याच वर्षी बसवल्या असत्या, तर कदाचित तिचे मनगट मोडलेच नसते.

वाचकहो, आपल्यापैकी कोणावर अशी निवड करण्याची वेळ आली, तर एवढे करून पाहावे:

कायमचे जाण्यापूर्वी त्याच गावात, शक्य तर त्याच घरात, निदान दोन महिने राहून पाहावे, आणि त्यांतले काही दिवस घरातील सर्व जण कामावर गेलेले असावेत.

झोपण्याची खोली, शौचालय, न्हाणी आणि चहाची शेगडी एकाच मजल्यावर असावी.

घर पाहताना वृद्ध माणसाला गाडीत किंवा दाराशी बसवून ठेवू नये. तो आत यावयास का कचरतो, हे समजून घ्यावे.

औषधे मुक्कामभर पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील कंपनीने दिलेली नावे तिकडे ओळखत नाहीत. तातडीच्या मदतीचा 911 हा क्रमांक आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लावावा.

आणि मुलांनी आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: आई किंवा बाबा येथून कोणाला न विचारता कोठे कोठे जाऊ शकतील?

मागील आठवड्यात आक्काचा फोन आला. वाचनालयात गेली होती. नातीसाठी दोन पुस्तके आणली, येताना बाकावर बसली, नागपूरच्या बाई भेटल्या नाहीत म्हणून थोडी खट्टू झाली. मी विचारले, “पाण्याची गोळी?” ती म्हणाली, “घेतली. निघायच्या आधी ती, आणि मग छत्री.”